अवकाशातले जटिल रेणू शोधताय? या चुका टाळा

२००३ साली ग्लायसिन अवकाशात सापडल्याचा दावा प्रसिद्ध झाला. ग्लायसिन म्हणजे सर्वांत साधं अमिनो आम्ल. धनू राशीतला सॅजिटेरियस बी२, मृग नक्षत्रातला ओरायन केएल आणि डब्ल्यू५१ या तीन रेणुमेघांत (वायू आणि धुळीच्या ढगांत) मिळून ग्लायसिनच्या २७ वर्णरेषा, म्हणजे रेणूकडून ठरावीक वारंवारतांना येणारे संकेत, ओळखल्याचं त्या शोधनिबंधात म्हटलं होतं. सत्तावीस हा आकडा भारदस्त वाटतो. २००५ मध्ये लुईस स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक रेषा घेऊन तो दावा तपासला आणि तो टिकला नाही. ग्लायसिन असतं तर ज्या रेषा ठळक दिसायलाच हव्या होत्या, त्यांच्या जागा रिकाम्या होत्या. जुळलेल्या रेषांना इतर रेणूंचं स्पष्टीकरण पुरत होतं. त्यानंतर ६७पी चुर्युमोव-गेरासिमेन्को या धूमकेतूभोवती रोझेटा यानाला ग्लायसिन सापडलं (२०१६). आंतरतारकीय मेघात मात्र ते अजून पक्कं सापडलेलं नाही.

आज आल्मा, ग्रीन बँक यांसारख्या रेडिओ दुर्बिणींची बरीच जुनी निरीक्षणं कुणालाही उतरवून घेता येतात. प्रत्येक रेणूच्या रेषांच्या वारंवारता देणारे कॅटलॉगही खुले आहेत. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याला एका संध्याकाळी वर्णपट उघडून ‘सापडला!’ म्हणता येतं, आणि २००३ सालचीच चूक नव्याने होते. आतापर्यंत ३०० हून अधिक रेणू अवकाशात ओळखले गेले आहेत. नव्या दाव्याला खालच्या चाळण्या पार कराव्या लागतात.

जुळलेल्या रेषा मोजणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. सॅजिटेरियस बी२(एन) या उष्ण गाभ्याचा, म्हणजे मेघातल्या तारे जन्मणाऱ्या तापलेल्या दाट भागाचा, ३ मिलिमीटर तरंगलांबीचा वर्णपट पाहा. आयआरएएमच्या ३० मीटर दुर्बिणीच्या सर्वेक्षणात तिथे दर गिगाहर्ट्झमागे सरासरी १०२ रेषा मिळाल्या. म्हणजे दर १० मेगाहर्ट्झला एक रेषा. वायूच्या हालचालीमुळे रेषा रुंदावतात, म्हणून रुंदी वेगात सांगतात: तिथे ती सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर असते, १०० गिगाहर्ट्झपाशी ती २.३ मेगाहर्ट्झ भरते. तुम्ही ‘भाकीत वारंवारतेपासून २ मेगाहर्ट्झ अलीकडे-पलीकडे रेषा असली तर जुळली’ असा नियम धरलात, तर खिडकी झाली ४ मेगाहर्ट्झची. त्या खिडकीत सरासरी ०.४१ रेषा निव्वळ योगायोगाने येतात. एखादी तरी रेषा असण्याची शक्यता ३४ टक्के. रेणू तिथे अजिबात नसला तरी ३० भाकीत रेषांपैकी १० ‘जुळणार’.

म्हणून कामाला सुरुवात करण्याआधी आपल्या स्रोतासाठी हा हिशेब करा. रेषांची घनता गुणिले खिडकीची रुंदी, एवढंच. सोबत एक खोटी चाचणीही घ्या. कॅटलॉगमधल्या सगळ्या वारंवारता ३० किंवा ५० मेगाहर्ट्झने सरकवून पुन्हा जुळवा. सरकवलेल्या यादीतही तेवढ्याच रेषा जुळल्या, तर तुमच्या हाती काहीच लागलेलं नाही.

यानंतरची पायरी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. ठरवलेल्या एकाच तापमानाला, एकाच वेगाला, एकाच रेषारुंदीला आणि एकाच कॉलम डेन्सिटीला (दृष्टिरेषेत दर चौरस सेंटिमीटरमागे किती रेणू, तो आकडा) रेणूचा संपूर्ण वर्णपट संगणकावर तयार करा. मॅडक्यूबा, एक्सक्लास, कॅसिस, गिल्डसमधलं वीड्स, यांपैकी कोणताही प्रोग्रॅम चालेल. पण त्याआधी परिचित रेणू बसवून घ्यायचे: मिथेनॉल, इथेनॉल, मिथाइल फॉर्मेट, डायमिथाइल इथर, इथाइल सायनाइड, व्हिनाइल सायनाइड. त्यांचे कार्बन-१३ (जड कार्बन) असलेले प्रकार आणि कंपनाने उत्तेजित झालेल्या अवस्थासुद्धा धरायच्या. बहुतेक ‘अनोळखी’ रेषा इथेच संपतात. कारण उष्ण गाभ्यात इथाइल सायनाइडच्या उत्तेजित अवस्थांच्या रेषा पोत्याने असतात.

मग नव्या रेणूच्या प्रारूपातल्या ज्या रेषा गोंगाटाच्या पाचपट किंवा जास्त उंच यायला हव्यात, त्यांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा: मोकळी दिसते, दुसऱ्या रेषेत मिसळली आहे, की दिसतच नाही. ‘दिसतच नाही’ असं एकीपुढेही आलं आणि त्याला ठोस कारण नसलं, तर दावा गेला. मिसळलेल्या रेषा पुरावा म्हणून मोजायच्या नाहीत. प्रारूप त्या जागी प्रत्यक्ष उंचीपेक्षा वर जात नाही ना, एवढंच त्यांच्यावरून पाहायचं. ज्या रेणूंत मिथाइल गट अंतर्गत फिरतो (मिथाइल फॉर्मेट, अ‍ॅसिटाल्डिहाइड), त्यांच्या रेषा ‘ए’ आणि ‘ई’ अशा जोडीने आणि बहुधा सारख्याच उंचीच्या येतात. जोडीतली एकच दिसली तर ती रेषा दुसऱ्या कुणाची तरी आहे असं समजा.

गर्दी टाळता येत असेल तर टाळा. भुजंगधारी तारकासमूहातल्या आयआरएएस १६२९३-२४२२ च्या ‘बी’ घटकात रेषांची रुंदी सेकंदाला जेमतेम १ किलोमीटर आहे, म्हणून २०१२ मध्ये आल्माला तिथे ग्लायकोलाल्डिहाइड स्वच्छ ओळखता आला. वृषभ राशीतल्या टीएमसी-१ या थंड मेघात रेषा त्याहूनही अरुंद आहेत. बेंझोनायट्राइल (२०१८) तिथे सापडलं त्याचं एक कारण हेच.

वेगाचा घोळ

मेघ आपल्याकडे येत किंवा आपल्यापासून लांब जात असतो आणि त्यानुसार रेषा सरकते. सॅजिटेरियस बी२(एन) चा वेग स्थानिक प्रमाण-स्थितीच्या (सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांच्या सरासरी गतीच्या) संदर्भात सेकंदाला ६४ किलोमीटर. १०० गिगाहर्ट्झची रेषा त्यामुळे २१.३ मेगाहर्ट्झ खाली जाते. टीएमसी-१ चा वेग ५.८ किलोमीटर आहे.

इथे तीन ठिकाणी चुका होतात. पहिली, निरीक्षणं पृथ्वीच्या संदर्भात नोंदलेली असताना ती स्थानिक प्रमाण-स्थितीत न आणता वेगवेगळ्या महिन्यांची बेरीज करणं. पृथ्वीचा कक्षेतला वेगच सेकंदाला ३० किलोमीटर. सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेले दोन वर्णपट तसेच बेरजेत घेतले तर अरुंद रेषा पुसली जाते. दुसरी, एका स्रोतात एकच वेग आहे असं धरणं. सॅजिटेरियस बी२(एन) मधल्या दोन मुख्य गाभ्यांपैकी एक ६४ वर आणि दुसरा ७३-७४ वर आहे. हा फरक १०० गिगाहर्ट्झला ३ मेगाहर्ट्झ भरतो, म्हणजे वर धरलेल्या २ मेगाहर्ट्झच्या मर्यादेपेक्षा जास्त. तिसरी, प्रत्येक रेषेला सोयीचा वेगळा वेग देणं. एका रेणूच्या सगळ्या रेषांनी एकच वेग सांगितला पाहिजे, रुंदीच्या एका छोट्या अंशाच्या आत. ६१, ६४, ६७ असे वेग येत असतील तर ते वेगवेगळे रेणू आहेत.

कॅटलॉगची ओळ नीट न वाचणं

सीडीएमएस आणि जेपीएल या दोन कॅटलॉगांवर सगळ्यांची भिस्त असते. त्यांतली एक ओळ ८० अक्षरांची: वारंवारता, तिची अनिश्चितता, तीव्रतेचा लॉगरिथम, खालच्या पातळीची ऊर्जा (रेणू वरच्या ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर उतरतो तेव्हा रेषा उमटते), वरच्या पातळीचं वजन, रेणूचा क्रमांक आणि क्वांटम अंक. गडबड होते ती अशी.

अनिश्चिततेच्या रकान्याकडे कुणी पाहत नाही. ०.१ मेगाहर्ट्झची अनिश्चितता आल्मात उष्ण गाभा पाहताना चालून जाते. टीएमसी-१ मध्ये २० गिगाहर्ट्झला तीच अनिश्चितता सेकंदाला १.५ किलोमीटर होते, म्हणजे रेषेच्या रुंदीच्या तिपटीहून जास्त. अशा ओळीवरून केलेली ओळख फुकट. क्रमांकापुढे ऋण चिन्ह असेल तर ती वारंवारता प्रयोगशाळेत मोजलेली आहे. नसेल तर ती गणिताने काढलेली, आणि मोजलेल्या पल्ल्याच्या बाहेर गणित जसजसं लांब जातं तसतसं ते घसरतं.

ऊर्जा खालच्या पातळीची आणि सेंटिमीटरच्या व्यस्त एककात दिलेली असते. ती १.४३९ ने गुणली की केल्विन मिळतात, आणि वरच्या पातळीसाठी त्यात रेषेच्या वारंवारतेची ऊर्जा मिळवावी लागते. उदाहरणार्थ, कॅटलॉगमध्ये ५० दिसलं आणि रेषा १०० गिगाहर्ट्झची असली, तर खालची पातळी ७२ केल्विन आणि वरची ७६.७ केल्विन. हे न केल्याने तापमानाचे आलेख तिरके येतात.

तीव्रता ३०० केल्विनला काढलेली असते. टीएमसी-१ चं तापमान १० केल्विनच्या आसपास. ३०० केल्विनच्या यादीत पहिल्या नंबरवर असलेली रेषा तिथे दिसणारच नाही, आणि तळाशी असलेली एखादी सर्वांत ठळक असेल. आधी आपल्या तापमानाला तीव्रता नव्याने काढा, मग शोधायला बसा.

पार्टिशन फंक्शन (दिलेल्या तापमानाला रेणू किती ऊर्जापातळ्यांत वाटले जातात याचं माप) नेहमी त्याच कॅटलॉगमधून घ्या ज्यातून तीव्रता घेतली. दोन्ही कॅटलॉग केंद्रकीय स्पिनचं वजन कधीकधी वेगळ्या रीतीने धरतात. एकाचं एक आणि दुसऱ्याचं दुसरं मिसळलं की कॉलम डेन्सिटी सरळ काही पटींनी चुकते आणि आलेखावर काहीच वावगं दिसत नाही. शिवाय १०० केल्विनच्या वर कंपन अवस्थांचा वाटा पार्टिशन फंक्शनमध्ये धरला आहे का, हे दस्तऐवजात वाचा. नसेल तर तो वेगळा गुणून घ्यावा लागतो.

स्प्लॅटलॉग या अनेक कॅटलॉग एकत्र करणाऱ्या साइटवर शोधलं की एकच रेषा दोन-तीन कॅटलॉगांतून दोन-तीनदा येते. त्या वेगवेगळ्या रेषा म्हणून मोजलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. गाळणी लावा.

आणि रेणूची घडण, म्हणजे त्याचे भाग एकमेकांभोवती कसे वळलेले आहेत ते. ग्लायसिनच्या सर्वांत स्थिर घडणीचं द्विध्रुव आघूर्ण (रेणूतल्या विद्युतभाराच्या विषम वाटणीचं माप) कमी आहे, म्हणून तिच्या रेषा क्षीण. प्रयोगशाळेत आधी (१९७८) सापडली ती जास्त ऊर्जेची दुसरी घडण, कारण तिचं द्विध्रुव आघूर्ण मोठं. कॅटलॉगमधली फाइल कोणत्या घडणीची आहे हे न पाहता शोध घेतला तर थंड मेघात नसलेल्या रेणूच्या मागे लागाल.

दुर्बिणीने जन्माला घातलेल्या रेषा

काही रेषा आकाशात नसतातच. प्रतिमा-पट्ट्याची गळती त्यातली नेहमीची: ग्राहक (रिसीव्हर) आपल्या दोलकाच्या वारंवारतेच्या दोन्ही बाजूंचे पट्टे ऐकतो आणि एकीकडची रेषा दुसरीकडे झिरपते. ग्राहकाचा स्थानिक दोलक १०० गिगाहर्ट्झवर असेल तर १०५ च्या रेषेवर ९५ ची सावली पडते. पट्टे वेगळे करण्याची क्षमता १३ डेसिबल असेल, तर विसावा भाग गळतो. विसावा भाग कमी वाटतो; पण ३० केल्विनच्या कार्बन मोनॉक्साइड रेषेचा विसावा भाग १.५ केल्विन असतो आणि तुम्ही मिलिकेल्विनमधल्या रेषा शोधत असता. उपाय सोपा आहे: दोलक २० मेगाहर्ट्झने सरकवून पुन्हा निरीक्षण घ्या. खरी रेषा आकाशातल्या वारंवारतेवर जिथल्या तिथे राहील. गळालेली ४० मेगाहर्ट्झने उडी मारेल. इलेक्ट्रॉनिक्समध्येच उपजलेला खोटा संकेत दोलकाबरोबर २० मेगाहर्ट्झ सरकेल. ज्या सर्वेक्षणात एकच दोलक-जुळणी वापरली आहे, त्यातल्या एकट्या रेषेवर कधीही भरवसा ठेवू नका.

दुसरी, बेसलाइनला (रेषांखालच्या पार्श्वपातळीला) जास्त घातांकाची बहुपदी लावणं. सप्टेंबर २०२० मध्ये शुक्राच्या वातावरणात फॉस्फिन सापडल्याची बातमी आली; रेषा २६६.९४ गिगाहर्ट्झची. त्या विश्लेषणात बाराव्या घातांकाची बहुपदी वजा केली होती. दुसऱ्या गटाने दाखवलं की तीच रीत वापरली तर त्याच वर्णपटात इतर जागीही तितक्याच ‘ठळक’ रेषा उमटवता येतात. पुढे आल्माच्या निरीक्षणांचं अंशांकन नव्याने झालं आणि मूळ गटानेच आपला आकडा बराच खाली आणला. शिवाय त्याच जागी सल्फर डायऑक्साइडची रेषा येते हा आक्षेप वेगळाच. शुक्र आंतरतारकीय मेघ नव्हे, पण धडा जसाच्या तसा लागू आहे. पहिला किंवा दुसरा घातांक पुरत नसेल तर बेसलाइनमधल्या लाटांचं मूळ शोधा. बहुतेकदा ती आरसा आणि ग्राहक यांच्यामध्ये मागे-पुढे होणारी उभी लहर असते, आणि केंद्रबिंदू थोडा हलवून किंवा निरीक्षणं वाटून तिचा जोर कमी करता येतो.

आल्माच्या उष्ण गाभ्यांत वेगळा त्रास होतो. रेषा इतक्या दाट की रेषामुक्त चॅनलच उरत नाहीत. अशा वेळी आपोआप काढलेली सलग प्रारणाची (रेषांखालच्या अखंड प्रारणाची) पातळी वर जाते, मग क्षीण रेषा नाहीशा होतात आणि मध्ये मध्ये खोट्या शोषण-रेषा तयार होतात. वर्णपटातली कोणती तीव्रता किती चॅनलांत येते याचा स्तंभालेख (हिस्टोग्राम) काढून त्याचं खालचं टोक पाहणं, किंवा स्टॅटकॉन्टसारखं खास साधन वापरणं, हे इथे आवश्यक आहे.

कमी वारंवारतेला माणसांचा हस्तक्षेप गाठतो. जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने २००३ मध्ये सॅजिटेरियस बी२ मधल्या अ‍ॅसिटाल्डिहाइडचं १०६५ मेगाहर्ट्झला चित्र काढलं. विमानांची अंतरमापन यंत्रणा ९६० ते १२१५ मेगाहर्ट्झ वापरते, म्हणजे ही रेषा ऐन रहदारीत. खरी रेषा ओळखायची खूण पृथ्वीच्या कक्षेत आहे: सॅजिटेरियस बी२ क्रांतिवृत्ताजवळ असल्याने वर्षभरात त्या रेषेची पृथ्वीवरून दिसणारी वारंवारता सुमारे १०७ किलोहर्ट्झ वर आणि तितकीच खाली जाते. विमानाचा किंवा मोबाइलचा संकेत जागेवरच राहतो.

तापमान, आकार, जाडी

रेणू आहे हे ठरलं, आता ‘किती’ हे सांगताना चुका होतात. स्रोत २ आर्कसेकंदांचा आणि दुर्बिणीचा बीम (एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा) २५ आर्कसेकंदांचा असेल, तर संकेत सुमारे १५७ पटींनी पातळ होतो. स्रोताचा आकार ३ धरला की हाच आकडा ७० वर येतो. आकाराचा अंदाज चुकला की उत्तर दुपटीने चुकतं. आल्मासारख्या जोडदुर्बिणींत (अनेक अँटेना जोडून केलेल्या दुर्बिणींत) उलटं होतं: त्या मोठा पसरलेला भाग गाळून टाकतात. जीएमआरटीच्या त्या निरीक्षणाचं मोल इथेच आहे. बारकावा ४ आर्कसेकंदांचा, तरी मोठ्या आकारालाही ते संवेदनशील होतं. बहुतेक जटिल रेणू छोट्या गाभ्यात गोळा झालेले असताना अ‍ॅसिटाल्डिहाइड किमान शंभरपट मोठ्या भागात पसरलेला दिसला. नुसती जोडदुर्बीण वापरणाऱ्याने आपल्या मांडणीला सर्वांत मोठा किती आकार दिसतो, तो आकडा कॉलम डेन्सिटीसोबत लिहिलाच पाहिजे.

ठळक रेषा अपारदर्शक असतात, त्यांच्यावरून प्रमाण काढलं तर ते कमी येतं. कार्बन-१३ ची रेषा तपासा. सूर्याच्या आसपास कार्बन-१२ आणि कार्बन-१३ चं गुणोत्तर सुमारे ६८, आकाशगंगेच्या केंद्राजवळ २० ते २५. तुमचं गुणोत्तर केंद्राजवळ ८ आलं तर मुख्य रेषा भरून गेलेली आहे. प्रमाण कार्बन-१३ वरून काढा.

वायूचं तापमान आणि रेषांवरून निघणारं उत्तेजन तापमान (रेणू ऊर्जापातळ्यांत कसे वाटले आहेत ते सांगणारं) एकच असेल असं धरू नका. आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या जी+०.६९३ या मेघात वायू १०० केल्विनच्या आसपास आहे, पण घनता कमी असल्याने रेणू जेमतेम १० केल्विनला उत्तेजित होतात. याच मेघात २०२१ मध्ये पेशीपटलातल्या मेदाचा घटक असलेलं इथेनॉलअमीन सापडलं. कमी उत्तेजनामुळे वरच्या पातळ्यांच्या रेषा गायब होतात आणि वर्णपट मोकळा होतो, हे तिथल्या शोधांमागचं एक रहस्य. ‘उष्ण मेघ’ म्हणून १०० केल्विनचं प्रारूप लावणाऱ्याला त्याच आकड्यांतून हा रेणू नाकारावा लागला असता.

रेषांची थप्पी लावताना

एकेक रेषा गोंगाटात बुडत असेल तर अनेक रेषा वेगाच्या अक्षावर एकमेकींवर रचून बेरीज करतात. टीएमसी-१ मधला लांब साखळीचा एचसी११एन हा त्याचा चांगला धडा. १९९७ मध्ये दोन रेषांवरून तो सापडल्याचं जाहीर झालं, २०१६ मध्ये ग्रीन बँकच्या जास्त संवेदनशील निरीक्षणांत त्या रेषा नव्हत्या, आणि २०२१ मध्ये थप्पी लावून तो खरोखर सापडला. थप्पीत घेताना ज्या रेषेशेजारी परिचित रेणूची रेषा आहे ती आधीच झाकून टाका. एक घुसखोर रेषा अख्खी बेरीज खोटी करते. प्रत्येक रेषेला अपेक्षित उंची आणि स्थानिक गोंगाट यांनुसार वजन द्या. चॅनल रेषेच्या रुंदीच्या एक-पंचमांशाहून जाड नको. टीएमसी-१ साठी १.४ किलोहर्ट्झ चॅनल वापरले गेले ते यासाठीच. आणि इथेही सरकवलेल्या वारंवारतांची खोटी थप्पी शंभरवेळा लावून पाहा. खऱ्या थप्पीचं शिखर त्या सगळ्यांहून स्पष्ट वर असलं पाहिजे.

मथळा लिहिताना

ग्लायकोलाल्डिहाइडला ‘अवकाशातली साखर’ म्हणतात. तो साखरेशी नातं सांगणारा साधा रेणू आहे, रायबोज नव्हे. त्याच सूत्राचे अ‍ॅसेटिक आम्ल आणि मिथाइल फॉर्मेट हे आणखी दोन रेणू मेघांत सापडतात, आणि मिथाइल फॉर्मेट त्याच्याहून बरंच विपुल असतं. त्यामुळे नुसतं सूत्र देऊ नका, कोणता समघटक (तेच अणू, वेगळी जोडणी) ते लिहा.

२०१६ मध्ये सॅजिटेरियस बी२ मध्ये प्रॉपिलीन ऑक्साइड सापडला, अवकाशातला पहिला डावा-उजवा असा भेद असलेला रेणू. १२ ते १४ गिगाहर्ट्झमधल्या तीन शोषण-रेषांवरून. डाव्या आणि उजव्या रूपाचा फिरता वर्णपट तंतोतंत सारखा असतो, म्हणून त्या रेषांवरून कोणतं रूप जास्त आहे हे कळत नाही. ते सांगायला वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाशी रेणूचं वेगळं वागणं मोजावं लागतं. ‘जीवसृष्टीची डावी बाजू अवकाशातून आली’ असं वाक्य या शोधावरून लिहिता येत नाही.

काही सापडलं नाही तर तेही पूर्ण छापा: कमाल मर्यादा, ती किती पट गोंगाटाला काढली, तापमान, रुंदी, स्रोताचा आकार आणि कॅटलॉगची आवृत्ती. फक्त ‘सापडला नाही’ लिहिलं तर पुढच्याला तुमचं निरीक्षण पुन्हा करावं लागतं.